हनोखभाऊंचं मिन्यान

हनोखभाऊ सरकारी ऑफिसला फोन करायचे तेव्हा उभे राहायचे. नुसते उभे नाही. शर्टाचं वरचं बटण लावून, पायांत चपला घालून. इस्रायलच्या वाळवंटात, डिमोना गावातली आमची घरं सरकारने एकाच साच्यातून काढलेली. मधली भिंत एवढी पातळ, की त्यांचा खोकला मला आणि माझ्या फोडणीचा ठसका त्यांना. पलीकडे सकाळीच चपला वाजल्या आणि आवाज चढला, की मी समजायची, सरकार फोनवर आलं.

मी एकदा विचारलं, "तो पकीद तुम्हाला बघतोय थोडाच? बसून बोला की." कारकुनाला आम्ही सगळे इथे पकीदच म्हणतो.

"मिलकाबाई, बसून बोललं की आवाज बसतो," ते म्हणाले. "बसका आवाज ऐकला की पकीदाला वाटतं, याला घाई नाही."

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात, देवमाणूस होता. मी तसं म्हणणार नाही. हट्टी माणूस होता, आणि सरकारवर त्याचा विश्वास होता. असा विश्वास ठेवणारा दुसरा माणूस मी आमच्या सबंध आळीत पाहिला नाही.

मुंबईला ते गोदीत कारकून होते. इथे आल्यावर कारकुनी कोण देणार? गिरणीत मागावर उभे राहिले ते निवृत्त होईपर्यंत. पण डोकं फाईलीतच राहिलं. "फाईलीला पाय नसतात," म्हणायचे, "तिला कडेवर घेऊन न्यावं लागतं." आम्हा म्हाताऱ्या माणसांच्या सगळ्या फाईली त्यांनी अशा कडेवर नेल्या. आमच्यातल्या बऱ्याच जणांना हिब्रू बोलता येतं ते बाजारात भांडण्यापुरतं. वाचायचं म्हटलं की मुंग्या दिसतात. मी अलिबागकडची, चौथी पास. मराठी वाचते, लिहिते, त्यापुढे माझी गाडी नाही. हनोखभाऊंना हिब्रू येत होतं, इंग्रजी येत होतं, आणि रांगेत उभं राहण्याचा कंटाळा नव्हता.

ऑफिसात जाण्याचे त्यांचे दोन नियम होते. पहिला नियम, हात रिकामा न्यायचा नाही. चिकाचा हलवा न्यायचा. गहू भिजवून, वाटून त्याचा चीक काढायचा आणि नारळाच्या दुधात आटवायचा. खांदा निखळेपर्यंत ढवळावं लागतं. बाकीच्यांच्या घरी हा हलवा नवीन वर्षाच्या सणाला, वर्षातून एकदा. हनोखभाऊंच्या घरी बारा महिने, सरकारसाठी. ढवळायची त्यांची बायको केतूरा. भिंतीपलीकडून ती ओरडायची, "मिलके, माझा उजवा खांदा सरकारने खाल्ला गो! डावा तेवढा नवऱ्यासाठी ठेवलाय!"

दुसरा नियम, एकट्याने जायचं नाही. आम्हा ज्यू लोकांत दहा पुरुष जमले की प्रार्थनेचं मिन्यान होतं. नऊ असले तर बाहेर जाऊन वाटसरूला बोलवून आणतात. हनोखभाऊ म्हणायचे, "देवापुढे दहा लागतात, मग सरकारपुढे एकटा कसा पुरेल?" पुरुष कमी पडले तर बायका घ्यायचे. कोणी टोकलं तर उत्तर तयार. "देव पुरुष मोजतो. सरकार डोकी मोजतं."

माझा नवरा वारला तेव्हा हे घर माझ्या नावावर करायचं होतं. खिडकीवर ज्याकलिन नावाची मोरोक्कोची बाई होती. लाल नखं, तोंडात कायम सूर्यफुलाच्या बिया. मी दोनदा जाऊन आले, दोनदा तिने परत पाठवलं. तिसऱ्यांदा हनोखभाऊ आले, मागे आळीतली नऊ माणसं, सगळी इस्त्रीच्या कपड्यांत, आणि पुढे हलव्याचा डबा.

ज्याकलिनने मान वर केली. "हनोख, पुन्हा वरात आणलीस? नवरा कुठला यातला?"

"सगळे साक्षीदार आहेत," हनोखभाऊ म्हणाले.

"कशाचे?"

"की ही बाई गरजू आहे."

ज्याकलिन हसली तेव्हा दातांत अडकलेली बी दिसली. तिने डबा खाली ठेवला आणि फाईल वर काढली. घर माझ्या नावावर झालं. म्हणून मी त्या मिन्यानाला नावं ठेवत नाही. त्या काळी ते चालत होतं.

मग ज्याकलिन निवृत्त झाली आणि तिच्या जागी कोणी आलंच नाही. खिडकीला आतून पांढरा कागद लावला. सरकारने जाहीर केलं होतं, की आता देशभर, अगदी आमच्यासारख्या वाळवंटातल्या गावांतसुद्धा, संगणक येणार, तारा येणार आणि माणसाला ऑफिसात जावंच लागणार नाही. सगळे अर्ज इंटरनेटवर. ज्याच्या घरी संगणक नाही त्याच्यासाठी समाजमंदिरात खोली केली. तिथे संगणक मांडले, भिंती निळ्या रंगवल्या, थंडगार एसी लावला. उद्घाटनाला मोठी माणसं आली. त्यांनी फीत कापली आणि केक खाऊन ती गेली.

त्या दिवशी टाय लावून आलेला आमच्यातला एकच माणूस, हनोखभाऊ. परत येताना मला म्हणाले, "मिलकाबाई, आता सरकार आपल्या दारात आलं."

मी म्हटलं, "दारात आलं, पण त्याला तोंड कुठे आहे?"

"तुम्ही प्रत्येक गोष्टीत खोट काढता."

शिकवायला इरिना होती. रशियाकडून आलेली, तिकडे इंजिनिअर होती म्हणे. इथे आम्हा म्हाताऱ्यांना बोट कुठे दाबायचं ते शिकवत होती. तोंड आंबट, पण शिकवायची मन लावून. पहिल्याच आठवड्यात तिने सांगितलं, प्रत्येकाने एक गुप्त शब्द ठरवायचा. तो बायकोला सांगायचा नाही, नवऱ्याला सांगायचा नाही. तो शब्द म्हणजे तुमच्या कपाटाची चावी.

आमच्या सगळ्यांचा शब्द एकच निघाला. एलियाहू. आमचा नवसाला पावणारा एलियाहू हन्नाबी. संकट आलं की आमच्यासारखा कोकणातून आलेला बेने इस्रायल माणूस दुसऱ्या कोणाला हाक मारतो? इरिनाने कपाळाला हात लावला. "ही गुप्त गोष्ट आहे? आख्ख्या आळीला एकच चावी?"

हनोखभाऊ म्हणाले, "बाई, चोरसुद्धा हे नाव घेऊन कपाट उघडणार नाही."

सवयीप्रमाणे त्यांनी तिच्यासाठी हलवा नेला. तिने घेतला नाही, नियम नाही म्हणाली. मग त्यांनी एक वडी केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवून संगणकाशेजारी ठेवली आणि विसरले. केळीचं झाड त्यांनीच मागच्या अंगणात, न्हाणीच्या पाण्यावर जगवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या संगणकाच्या बटणांतून मुंग्यांची रांग निघाली होती. इरिना रशियनमध्ये काय बोलली ते कळलं नाही, पण सगळ्यांना समजलं.

हे सगळं हसण्यासारखं होतं. त्याच सुमारास केतूरा विसरायला लागली.

आधी मीठ विसरली. मग रस्ता. मग हिब्रू विसरली, एवढ्या वर्षांची. एका सकाळी दुकानात गेली आणि तिथल्या माणसाशी मराठीतच बोलत राहिली. तो बिचारा मान हलवत राहिला. त्यानंतर तिच्या तोंडून हिब्रूचा एक शब्द आला नाही. मुलगा रोनी हैफाला, संगणकाच्याच मोठ्या कंपनीत. तो इथेच जन्मलेला. मराठी समजतं, पण जीभ वळत नाही. तो यायचा, आईचा हात धरून हिब्रूत बोलायचा. ती त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघायची आणि मला विचारायची, "हा कोणाचा गो? चहा दिला का त्याला?"

आणि शेवटी ती नवऱ्यालाही विसरली. त्यांना साहेब म्हणायला लागली. परका पुरुष घरात बसलाय म्हणून डोक्यावर पदर घ्यायची. परक्या पुरुषासमोर बाईने जेवायचं नाही, हे तिला आईने लहानपणी शिकवलेलं, ते मात्र पक्कं राहिलं. हनोखभाऊंनी घास पुढे केला की ओठ मिटायची.

"हे साहेब कधी जाणार?" मला विचारायची.

हनोखभाऊच उत्तर द्यायचे. "जातो हां बाई. एक अर्ज राहिलाय. तो झाला की जातो."

हे ते हसून म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरी येऊन भांडी घासायला घेतली.

मग फिलोमिना आली. सरकार आजारी माणसाच्या सेवेला परदेशातली बाई ठेवू देतं, तशी. वसईची ख्रिश्चन. आमच्या स्वयंपाकघरात दुधाची भांडी वेगळी आणि मटणाची वेगळी, ते तिने एका दिवसात पाठ केलं. पण मोठी गोष्ट म्हणजे ती मराठी बोलायची. दारातून आत येऊन म्हणाली, "काय आई, जेवला का?" आणि केतूराचा चेहरा खुलला.

"कुठे गेलेलीस पोरी? मी केव्हाची भुकेली."

त्या दिवसापासून केतूरा जेवली ती फिलोमिनाच्या हातून. माझ्या हातून दोन घास घ्यायची, तिसऱ्याला थुंकायची. फिलोमिना असेपर्यंत ती अंगाने भरली, केस विंचरून बसायला लागली, एकदा तर मला शिवीसुद्धा दिली. मला बरं वाटलं.

पण अशा बायकांना इथे ठराविक वर्षंच राहू देतात. फिलोमिनाची ती वर्षं संपत आली. मुदत वाढवून हवी तर खास अर्ज करायचा, कारण द्यायचं, आणि पूर्वी हे सगळं खिडकीवर व्हायचं ते आता फक्त इंटरनेटवर.

हनोखभाऊंनी अर्ज केला. इरिना शेजारी बसली होती. सगळं नीट भरलं. पडद्यावर एक शब्द आला, 'बेतिपूल'. काम चालू आहे, असा त्याचा अर्थ. हनोखभाऊ रोज सकाळी टाय लावून समाजमंदिरात जायचे, एलियाहूचं नाव टाकायचे आणि तो शब्द बघून परत यायचे.

"काय म्हणतंय सरकार?" मी विचारायची.

"बेतिपूल."

"काल काय म्हणत होतं?"

"बेतिपूल. पण मिलकाबाई, म्हणजे कोणीतरी हातात घेतलंय ना?"

असे आठवडे गेले. फोन लावला तर गाणं वाजायचं. हनोखभाऊ ते गाणं उभ्याने ऐकायचे, रिसीव्हर कानाला, बटण लावलेलं. मग एका सकाळी ते दारात आले तेव्हा डोळ्यांत तीच जुनी चमक.

"माझी चूक कळली," म्हणाले. "मी एकट्याने गेलो."

त्यांनी आळीत फिरून माणसं गोळा केली. सात पुरुष मिळाले, बाकीचे गेले होते किंवा अंथरुणावर होते. मग मी, आळीतली शगुलाबाई आणि तिची सून. इस्त्रीचे कपडे घालून आम्ही संगणकाच्या खोलीत गेलो, ज्याकलिनच्या खिडकीवर जायचो तसेच. त्या दिवशी इरिना रजेवर होती. हनोखभाऊ एकेकाला खुर्चीत बसवत. ओळखपत्राचा नंबर ज्याचा त्याचा, चावी एलियाहूची, आणि खाली त्यांनी केतूराचा अर्ज भरायचा. या बाईला या मुलीची गरज आहे. प्रत्येकाने स्वतःच्या बोटाने शेवटचं बटण दाबलं. म्हाताऱ्या शालोमकाकांनी दाबताना 'आमेन' म्हटलं. मग सगळेच म्हणाले. बाहेर आल्यावर हनोखभाऊंनी हलवा वाटला. फिलोमिनाने ढवळलेला होता, जरा लागला होता.

"आता बघा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर 'बेतिपूल' नव्हतं. लांबलचक काहीतरी होतं. इरिनाने वाचलं आणि खुर्चीत मागे टेकली. मग तिने हळू आवाजात विचारलं, "हनोख, तुम्ही काय केलंत?"

रोनी हैफाहून आला. बाप आणि मुलगा स्वयंपाकघरात बोलत होते, बाप मराठीत, मुलगा हिब्रूत. भिंतीपलीकडून मला दोन्ही ऐकू येत होतं.

"अब्बा, यंत्राला दहा माणसं दिसत नाहीत. एका आजारी बाईच्या नावावर भलत्याच लोकांचे अर्ज दिसतात, एकाच खोलीतून, एकाच चावीने. त्याला वाटलं, ही लबाडी आहे. आता सगळंच चौकशीसाठी थांबवलंय. पहिला अर्जसुद्धा."

"मग त्याला सांग की साक्षीदार होते."

"कोणाला सांगू?"

"तू त्यातलाच आहेस ना? तुझी कंपनी हेच करते ना?"

"अब्बा, आम्ही खेळ बनवतो. मुलांचे."

पलीकडे खुर्ची सरकली. मग रोनी म्हणाला, "मागे घ्यायचं बटणच नाही त्यात. मी शोधलं. खरंच शोधलं, अब्बा." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

हनोखभाऊ शहरातल्या मोठ्या ऑफिसात गेले, मला बरोबर घेऊन. दोघांचं मिन्यान. दारातल्या पहारेकऱ्याने हलव्याचा डबा उघडायला लावला, वास घेतला, एक वडी मोडून आत बघितलं, आणि डबा दाराशीच ठेवून घेतला. आत काचेमागे एक तरुण मुलगी होती. वाईट नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"काका, हे इथे होत नाही आता. हे इंटरनेटवर."

"इंटरनेट म्हणतं, थांबा."

"मग थांबायचं."

"तिची तारीख येतेय."

"मला ते दिसतंय," मुलगी म्हणाली. "मला फक्त दिसतं. बदलता येत नाही." तिने पडदा आमच्याकडे वळवला. खोटं बोलत नाही हे दाखवायला असेल. हनोखभाऊंनी वाकून बघितलं आणि तिला धन्यवाद म्हणाले. त्यांच्या जागी मी असते तर म्हणाले नसते.

जाताना पहारेकऱ्याने डबा परत दिला. बसमध्ये तो त्यांच्या मांडीवर होता. मोडलेली वडी त्यांनी मला दिली आणि म्हणाले, "ज्याकलिनला मी ओळखत होतो, मिलकाबाई. ही मुलगी चांगली आहे. पण हिच्याही वर कोणीतरी आहे, आणि त्याच्या वर यंत्र. वर कोण, ते कोणालाच माहीत नाही."

घरी त्यांनी एलियाहू हन्नाबीला नवस बोलला. परवाना आला तर मलिदा करीन, पोहे, गूळ, खोबरं, फळं, सगळ्या आळीला जेवण. मलिदा झाला नाही. सगळ्या आळीने त्याचं नाव कुलपाला लावलेलं, तो तरी किती दारं उघडणार?

तारीख आली. फिलोमिना कायदा मोडून लपून राहायला तयार नव्हती, आणि हनोखभाऊंनी तिला तसं सुचवलंही नाही. सरकारशी खोटेपणा त्यांना जमणारा नव्हता. तिने केतूराची वेणी घातली, तिला भात भरवला आणि म्हणाली, "आई, बाजारात जाऊन येते."

"कोथिंबीर आण," केतूरा म्हणाली.

त्यानंतर केतूरा दारात खुर्ची टाकून बसायची. जेवण बंद. ऑफिसने पाठवलेली दुसरी बाई प्रेमळ होती, पण तिची भाषा केतूराच्या कानात शिरत नव्हती. डॉक्टर म्हणाले, नाकातून नळी घाला, किंवा वृद्धाश्रमात ठेवा. रोनी म्हणाला, वृद्धाश्रमात ठेवू. हनोखभाऊ म्हणाले, थोडं थांबू. त्यांचा अर्ज तिकडे चौकशीत पडलेला. तो पुढे कधी निघाला का, मला माहीत नाही. कोणी कळवलं नाही.

शेवटी मार्ग इरिनाने काढला. तिची आई रशियाकडेच राहिलेली, तिच्याशी ती संगणकावर बोलायची, तोंड दिसतं त्या पद्धतीने. तिने फिलोमिनाला निरोप पाठवला. वसईला स्टेशनजवळ इंटरनेटचं दुकान होतं. इथे दुपार, तिकडे संध्याकाळ.

मी हनोखभाऊंना शेवटचं पाहिलं ते त्या निळ्या खोलीत. दुसऱ्या दिवशी माझी मुलगी मला तिच्या गावी, ओफाकीमला, न्यायला येणार होती, कायमची, म्हणून मी सांगायला गेले होते. केतूरा संगणकासमोर बसली होती, अंगावर शाल, मनगटं काड्यांसारखी. हनोखभाऊ वाटीत भात कालवून उभे. इरिना तारा जोडत होती.

पडद्यावर फिलोमिना आली. जरा धुरकट, पण तीच.

"काय आई, जेवला का?"

केतूरा पुढे वाकली. "कोथिंबिरीला एवढा वेळ गो?"

"गर्दी होती आई. येतेच मी. तुम्ही तोंड उघडा बघू. मी भरवते." फिलोमिनाने तिकडे रिकामा हात पुढे केला. इकडे हनोखभाऊंनी चमचा पुढे केला. केतूराने तोंड उघडलं. पहिला घास गेला. दुसरा गेला. तिने चमचा कोणाचा ते पाहिलंच नाही, नजर पडद्यावर.

"आणि आई, ते साहेब चांगले आहेत. त्यांच्या हातून घेत जा."

केतूराने मान वळवली आणि नवऱ्याकडे नीट बघितलं. पदर सारखा केला. मग मला वाटतं, तिने जरासं तोंड उघडलं.

तेवढ्यात पडदा थांबला. वसईला वीज गेली असेल, तिकडे रोज जायची तेव्हा. फिलोमिनाचा चेहरा तसाच राहिला, तोंड उघडं, हात पुढे, पण आवाज नाही. इरिना बटणं दाबायला लागली. केतूरा थोडा वेळ त्या गप्प चेहऱ्याकडे बघत राहिली आणि तिने ओठ मिटून घेतले.

"हनोखभाऊ, बसा तरी," मी म्हटलं.

ते बसले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं, लागलेलं आहे ना ते बघितलं. उजव्या हातात घासाचा चमचा तसाच पुढे धरलेला.

"थांबू थोडं," ते म्हणाले. "येईल."

मी निघाले. माझी पिशवी भरायची राहिली होती.